टोपीवरचे बगळे

माझं डोकं प्रमाणाबाहेर मोठं आहे, हे मला बालाघाटला गेल्यावर कळलं. आमच्या घरी सगळ्यांचीच डोकी तेवढी, त्यामुळे तोवर तो विषय निघालाच नव्हता.

मी मराठी शिकवायला तिकडे गेलो. नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा शाळा माझ्याच राज्यात होती. मी ट्रंक भरून पोचेपर्यंत राज्यांच्या सीमा हलल्या, माझं गाव दुसऱ्या राज्यात गेलं आणि शाळा मध्य प्रदेशातच राहिली. पोरं माझ्याशी हिंदीत बोलायची, मी त्यांच्याशी मराठीत, आणि दोघांनाही एकमेकांची दया यायची. तर अशा अवस्थेत खोली शोधत एका अंगणात शिरलो. अंगणात एक ठेंगणी बाई सुपात काहीतरी निवडत बसली होती. अंगावर नऊवारी लुगडं आणि डोक्यावर साहेबाची सोला हॅट. खाणीवरचे गोरे अधिकारी घालायचे ना, ती. पांढरी, कडेला जराशी उंदरानं कुरतडलेली.

"खोली आहे का?" मी विचारलं.

तिनं काम काय, गाव कोणतं, कोणाचा, काहीही विचारलं नाही. उठली, कमरेला खोचलेली सुतळी काढली, माझ्या डोक्याभोवती गुंडाळली आणि जिथं टोकं जुळली तिथं दातानं चावून खूण केली. मग दोन पावलं मागं सरून बघितलं.

"राहा," ती म्हणाली.

"कधीपासून येऊ?"

"डोकं संग आणलं ना? मंग आजपासून."

ही माझी घरमालकीण. मी तिला मावशी म्हणायचो. अख्खी आळी मावशी म्हणायची, पण जरा अंतर राखून.

मावशीचं एक ठाम मत होतं: माणसाचं तोंड खोटं बोलतं, डोकं बोलत नाही. नवा माणूस दिसला की ती आधी त्याच्या टाळूकडे बघायची. दूधवाल्याचं डोकं मागून चपटं, म्हणून त्याच्या दुधावर तिचा कायम संशय. आमच्या हेडमास्तरांचं डोकं तिला लांबट वाटायचं. "दुधीभोपळ्यावानी हाय. अशा माणसाले राग उशिरा येते, पण बसते लय दिवस." हे निदान दुर्दैवानं अचूक होतं, त्याचा अनुभव पुढं येतोच.

दुसरं म्हणजे तिच्या घरात काहीही हरवायचं. सदऱ्याचं बटण, पेनाचं टोपण, कुलपाची किल्ली. विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "असंन कुठी." आणि ते असायचंही. दिवाळीच्या सुमाराला टोपीवर.

आता टोपी सांगितली पाहिजे.

तिकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दुकानं, पाहुणे, लाह्या, बत्तासे, आणि भर दुपारी उघड्यावर रंगणारी दंडार. ढोलकीवर नाच चालतो, सोंगं येतात, आणि मधूनमधून एक नकल्या येऊन सगळ्यांची टिंगल करून जातो. किरनापूरकडे मावशीचं माहेर होतं, आणि त्या गावच्या दंडारीतला नकल्या म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची टोपी लहानपणापासून मावशी करायची. लग्न होऊन इकडे आली तरी करायची. त्याच्याशी बोलणं बंद झालं, तरी करायची.

"बोलत नाही, मग टोपी कशाला?" मी पहिल्याच वर्षी विचारलं.

"टोपी त्याची नोहे. टोपी गावाची हाय. तो फकत डोकं देते."

डोकं तो देत होता हेही खरं नव्हतं. डोकं मी देत होतो.

घट बसले की मावशी रद्दी भिजत घालायची. चार-पाच दिवसांनी ती मेथीच्या पिठाबरोबर पाट्यावर वाटली की राखाडी, चिकट, उग्र वासाचा लगदा तयार व्हायचा. मग शाळेला दसऱ्याची सुटी लागली की मला अंगणात उन्हाकडे पाठ करून बसवायची, केसांना जवसाचं तेल थापायची, त्यावर ओलं फडकं, आणि त्यावर लगद्याचे थर. लगदा आकार धरेपर्यंत मान हलवायची नाही. मग ते टरफल अलगद उचलून पालथ्या मडक्यावर वाळायला ठेवायचं.

"मावशी, आधीपासून मडक्यावरच का नाही थापत?"

"मडक्याले कान असते का? टोपी कानावर बसते, मास्तर. तुमाले शिकोते कोण?"

ते आश्विनातलं ऊन. पाऊस संपलेला, आभाळ धुतल्यासारखं, नदीकाठचं कासाचं गवत पांढरंशुभ्र फुललेलं. अशा हवेत डोक्यावर मेथीचा लगदा घेऊन माणूस बसला तर तो झोपणारच. एका वर्षी मी झोपलो. मावशी शेजारी गेली आणि बोलत बसली. मला जाग आली तेव्हा लगदा आकार धरण्याच्या पलीकडे गेला होता आणि माझे केस त्याचा अविभाज्य भाग झाले होते. मी हनुवटीखाली फडकं बांधून, दोन्ही हातांनी ते धरून, अंगणात येरझारा घालत असतानाच हेडमास्तर आत आले. वेळापत्रकाचं काहीतरी विचारायचं होतं त्यांना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार करायला हात सोडले, तर डोकं एका बाजूला कललं.

"फार लागलंय का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण "घरमालकीण माझ्या डोक्यावर टोपी थापते" हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि मी म्हणालो, "हो, जरासं."

दुसऱ्या दिवशी शाळेतले सगळे शिक्षक केळी घेऊन आले. तोवर मावशीनं कात्रीनं टोपी सोडवली होती आणि माझं डोकं जागोजागी भादरलेलं होतं, त्यामुळे ते खोटं आणखी काही न बोलताही टिकलं. पण पुढं टोपी बघून कोणीतरी हेडमास्तरांना उलगडा केला. त्यांना राग उशिरा आला. नंतर दोन वर्षं मला शेवटच्या तासाला सहावीचा वर्ग होता.

भावाशी भांडण कशावरून, हे मला तिनं असंच एकदा लगदा थापता थापता सांगितलं. बहुतेक मला मान वळवता येत नाही म्हणूनच सांगितलं.

मावशीचे यजमान उकव्याच्या खाणीच्या हपिसात होते. साहेब जाताना त्यांना आपली हॅट देऊन गेला, आणि तेव्हापासून ते चालायचे ते पाठीमागं हात बांधून, मान ताठ करून, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखे. एका मंडईला ते सासुरवाडीला गेले. दंडारीत नकल्या आला, म्हणजे मेव्हणाच. डोक्यावर अर्धा कोरलेला भोपळा, हात पाठीमागं, मान ताठ. एक शब्द बोलला नाही. नुसता चालला. ढोलकीवाल्यानं त्या चालीला ताल दिला. अख्खी मंडई लोळली.

"मग यजमानांना राग आला?"

"त्याईले कायचा राग येते. देवमाणूस." तिचा हात थांबला. लगद्याचं पाणी माझ्या कानात उतरत होतं, पण मी मान हलवली नाही. "मले हसू आलं, मास्तर. पदर तोंडात कोंबला, तरी आलं. अन् त्याईनं मान वळवून मायाकडं पायलं."

यजमान बालाघाटला परत आले, हॅट खुंटीला टांगली आणि पुन्हा कधी घातली नाही. काही वर्षांनी ते गेले. हॅट मावशी घालायला लागली.

"त्या वांडानं मले हसोलं," ती म्हणाली. "हे मी नाही विसरत."

तरी दर भाऊबीजेला ती सकाळी उठून पाट घासायची, धुवायची, उन्हात भिंतीला टेकवून ठेवायची. संध्याकाळी परत आत. "पाट हाय, धुवा नाही लागत?" एवढंच. मी एकदा म्हणालो, मावशी, मलाच बसवा की पाटावर. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

टोपी दर वर्षी निराळी. कधी तिला दोन मजले, कधी गाढवाचे कान, कधी कडेनं सिगरेटच्या चांदीची झालर. फुटक्या बांगड्या, मोरपिसं, धानाच्या लोंब्या, घड्याळाचे काटे, सगळं त्यावर चढायचं. पण माथ्यावर कायम दोन बगळे. कासाच्या तुऱ्यांचे, बांबूच्या चोची, बटणाचे डोळे, बटणं माझी. एक मोठा, एक लहान, पाठीला पाठ करून. ते बसवताना मावशी दार लावून घ्यायची.

या बगळ्यांचा अर्थ मला फार उशिरा समजला, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी काय केलं याची तुम्हाला नीट मजा येईल. मोठा बगळा म्हणजे मावशी, लहान म्हणजे भाऊ. आणि तिकडे रिवाज असा की टोपी फडक्यात बांधूनच यायची, मंडईत सगळ्यांसमोर सुटायची, आणि भाऊ ती न बघता डोक्यावर घालायचा. मग लोकांना विचारायचा, "काय म्हणते मायी बाई यंदा?" तिकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आणि लोक खालून बगळे वाचायचे. दोन पाठींत अंतर किती, मान किती वर. "यंदा रागच हाय गा." "नाही, नाही, जराशी तिरपी हाय पाठ." लोक काय सांगतील त्यावर तो बहिणीच्या नावानं जागच्या जागी काहीतरी ऐकवायचा, आणि ते टोपी नेणाऱ्या माणसाबरोबर, झाडून पुसून, बालाघाटला यायचं. बोलणं बंद असलेल्या बहीणभावांचं इतकं बोलणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

टोपी नेणारा एक शेजारी होता. एका वर्षी तो तापानं पडला आणि पाडव्याच्या सकाळी मावशीनं गाठोडं माझ्या हातात दिलं. बरोबर डबा.

"मांडीवर ठेवजा. सोडजा नोको. अन् कायी झालं तरी डोक्श्यात घालजा नोको."

"मी कशाला घालतोय?"

"तुमचं डोकं मले माहीत हाय."

किरनापूरच्या बसला मंडईची ही गर्दी. मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर कोणाचीतरी पिशवी, पिशवीवर कोणाचंतरी पोर. कंडक्टर म्हणाला, "मास्टरजी, मुर्गी है क्या इसमें?" मी म्हणालो, बगळे आहेत. तो म्हणाला, दिवाळीचं इतक्या सकाळी नका घेत जाऊ.

एक पाटीवाली चढली आणि तिची पाटी थेट माझ्या मांडीच्या रोखानं यायला लागली. मी उभा राहिलो. सगळीकडे बघितलं. त्या बसमध्ये रिकामी जागा एकच होती: माझ्या डोक्यावर. शिवाय टोपी माझ्याच मापाची. मी फडकं सोडलं आणि टोपी घातली. अशी बसली, की काय सांगू. बसमधली पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि मी, शिक्षक माणूस, जरासा वाकून त्यांना मुजरा केला. तेवढ्यात बस खड्ड्यात गेली. मी वर गेलो. बसचं छत खाली आलं, असं मला वाटलं.

किरनापूरला उतरून एका मोहाच्या झाडाखाली बसलो आणि टोपी मांडीवर घेतली. बाकी सगळं शाबूत. बगळे तेवढे पडले होते. मोठा धडधाकट, लहान्याचा एक पाय मोडलेला. ते कसे बसले होते ते मला आठवेना. आठवणार कसं, ते बसवताना दार कायम बंद. डबा उघडला. चिन्नोर तांदळाचा मऊ भात होता. शितं चुरगाळून मी मोठा बगळा चिकटवला. लहान एका पायावर उभा राहीना. चार वेळा पडला. शेवटी मी त्याला मोठ्याकडे कलता केला, मान त्याच्या पंखावर टेकवली आणि बाजूनं शितं भरली. राहिला. लांबून बघितलं, छान दिसत होतं. मावशीच्या कलाकृतीत मी थोडी सुधारणाच केली, असं मला खरोखर वाटलं. उरलेला भात लोणच्याबरोबर खाल्ला आणि पुढं चालत गेलो.

मंडईत मला पुढं बसवलं. ढोलकी वाजली, भाऊ आला. वाळका, लवचिक, मिशी एकीकडून वर. माझ्याकडून टोपी घेतली, डोळे मिटून डोक्यावर चढवली. ती कानांखाली घसरली, त्यानं खांद्यावरचा गमछा आत कोंबून ती वर केली, आणि हात पसरून ओरडला,

"काय म्हणते गा मायी बाई यंदा?"

कोणी बोलेना.

"अरे, मेली का जिती हाय?"

तरी कोणी बोलेना. ढोलकीवाला वाजवायचा थांबला. मला वाटलं, शितं सुटली. तेवढ्यात पुढच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली,

"बापू, लहान्यानं मोठ्याच्या खांद्यावर मान ठेवली रे. अन् मोठ्यानं ठेवू देल्ली."

भावानं टोपी काढली. इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती म्हणे. दोन्ही हातांत धरून बघत राहिला. मग ढोलकीवाल्याला म्हणाला, "वाजव ना, काहून थांबला?" आणि नाचला. फार वाईट नाचला. पाय एकीकडे, ताल एकीकडे. कोणाची टिंगल केली नाही.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं तेव्हा मला अर्थ समजावला. मी गर्दीतून वाट काढत भावाला गाठलं.

"अहो, ते बसमध्ये खड्डा..."

"मास्तर, उद्या भाऊबीज हाय," तो म्हणाला. "मी येऊन राह्यलो, म्हणून सांगजा तिले."

"पण ऐका तर, ते बगळे मी..."

"तुमी आणले, समजलं ना. लय उपकार झाले." आणि मिशीवरून हात फिरवायच्या निमित्तानं त्यानं तोंड पुसलं.

बालाघाटला पोचेपर्यंत मी मावशीला सांगायची वाक्यं जुळवत होतो. ती अंगणातच होती. "काय म्हणला?" तिनं सुपातून मान वर न करता विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो. "टोपी आवडली लोकांना." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मराठीचा शिक्षक.

सकाळी पाट धुऊन भिंतीला टेकवला होता, हॅट घालून मावशी अंगण झाडत होती, आणि भाऊ आला. बोडक्या डोक्यानं, हातात फडक्यात बांधलेली टोपी. दारातच थांबला.

"बाई, तू बलावलं. आलो."

खराटा थांबला. "मी कवा बलावलं?"

त्यानं फडकं सोडून टोपी पुढं धरली. मावशीनं ती घेतली. बगळ्यांकडे बघितलं. मग टोपी डोळ्यांजवळ नेली, जोड तपासला, नखानं एक शीत काढलं, बोटांत चुरगाळलं आणि त्याचा वास घेतला. मी खोलीच्या दाराआड उभा होतो. तिनं मान वळवली ती थेट त्या दाराकडे.

भावाचा चेहरा बदलायला लागला. तो काही मूर्ख नव्हता. त्यानं तिच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि टोपीसाठी हात पुढं केला. परत न्यायला.

मावशीनं टोपी दिली नाही. आत गेली, मेथीच्या खळीची वाटी घेऊन आली, पायरीवर बसली, आणि लहान्या बगळ्याच्या मानेखालची माझी शितं काढून तिथं खळ भरली. अंगठ्यानं दाबून धरली. बराच वेळ.

"घाईत कच्चं राह्यलं होतं," ती भावाला म्हणाली. "बस पाटावर."

त्यानं पाट मांडला, बसला. ती तबक घेऊन आली आणि थांबली. ओवाळायचं तर डोकं झाकलेलं हवं. त्यानं खांदा चाचपला, गमछा नव्हता. टोपीची खळ ओली. मी माझा पंचा घेऊन दाराबाहेर यायला निघालो, तर मावशीनं आपल्या डोक्यावरची हॅट काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

तो गारठला. मान हलवेना. हात कुठं ठेवावे कळेना म्हणून पाठीमागं नेले. ताठ बसून राहिला, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखा.

मावशीनं एक फेरी पुरी केली. दुसऱ्या फेरीला तबक हलायला लागलं. तिसऱ्या फेरीला तिनं ते खाली ठेवलं आणि पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही.

"बाई, मी काय केलं?" तो मान न हलवता म्हणाला.

"चूप बस, वांडा," ती म्हणाली, हसत आणि डोळे पुसत. "ते असेच बसत होते. अस्सेच." मग मोठ्यानं, दाराकडे, "मास्तर, भाईर या. भात कोणता, खळ कोणती, एवढं तरी समजा लागते माणसाले."

दिवसभर ते दोघं भांडले. तो भोपळा होता की कोहळा, यावर. गेली काही वर्षं टोपी डोक्याला बसतच नाही, दर वर्षी गमछा कोंबावा लागतो, असं त्यानं सांगितलं तेव्हा मावशीनं माझ्या डोक्याकडे बघून मान हलवली, जणू मापात मीच फसवलं.

पुढच्या वर्षी टोपी न्यायला मावशी स्वतः निघाली आणि मला बरोबर घेतलं. निघायच्या आधी आठवडाभर मी माझा जुना चष्मा शोधत होतो. "असंन कुठी," ती म्हणाली. मंडईत फडकं सुटलं. माथ्यावर दोन बगळे, आणि मध्ये एक घुबड. अंगाच्या मानानं डोकं फार मोठं, आणि डोळ्यांवर माझा चष्मा.

"काय म्हणते मायी बाई?" भावानं विचारलं.

या वेळी उत्तर द्यायला अख्खं गाव उठून उभं राहिलं.